आधी तोंडात बघा

डिमेन्शिया झालेलं घरचं माणूस दिवसभर करकर दात खाऊ लागलं की सगळ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. कुणी म्हणतं जंत झाले असतील, कुणी म्हणतं म्हातारपणी हट्ट वाढला. कळकळीची विनंती आहे, तेवढ्यावर थांबू नका. या आजारात 'दुखतंय' हे सांगणंच जमेनासं होतं. म्हणून पहिला संशय दुखण्यावर घ्या.

चांगल्या उजेडात समोर बसा, स्वतः आ करून दाखवा आणि त्यांच्या तोंडात बघा. दातांच्या मध्ये बोट मात्र घालू नका. किडलेली दाढ, तुटलेल्या दाताची धार, सुजलेली हिरडी, गालाला आतून झालेली जखम, कोरडी जीभ, यातलं काहीही कारण असू शकतं. कवळी असेल तर ती आधी तपासा. दात गेल्यावर जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं, चांगली बसणारी कवळी सैल होते आणि माणूस ती सारखी चावत राहतं. रात्री ती काढून पाण्यात ठेवा. मिसरी किंवा तंबाखूची सवय असलेल्यांच्या तोंडात चट्टा दिसला, किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर अंगावर काढू नका.

तोंडात काही सापडलं नाही तर पोट साफ होतंय का, लघवीला जळजळ आहे का, हेही पाहा.

मग गोळ्यांचा डबा काढा. नैराश्यावरची सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनसारखी औषधं आणि चिडचिड आवरायला दिलेली हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांनी काहींचा जबडा सारखा हलू लागतो. नवी गोळी केव्हा सुरू झाली आणि दात खाणं केव्हा, या तारखा लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, अचानक थांबवण्यातही धोका असतो.

रात्री दातांवर बसवायचं संरक्षक कवच अनेकांना सुचतं. आजार पुढे गेलेल्या माणसाला ते कशासाठी आहे हे कळत नाही. ते चावून तुटलं तर तुकडा घशात अडकू शकतो. दंतवैद्यांनी माणूस प्रत्यक्ष पाहून सांगितल्याशिवाय ते घेऊ नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे जाताना सकाळची वेळ धरा, कारण संध्याकाळी अनेकांची अस्वस्थता वाढते.

घरी रागावून काही साधत नाही, उलट घाबरून जबडा आणखी आवळला जातो. कोमट पाण्यात पिळलेला पंचा कानापुढच्या जबड्यावर ठेवा, आधी आपल्या मनगटावर लावून बघा. हातात मटारच्या शेंगा सोलायला द्या, आवडीचं भजन लावा.

सगळं तपासून झालं, माणूस नीट जेवतंय, गालाला हात लावल्यावर कळवळत नाही, तरी आवाज थांबत नाही, असंही होतं. तेव्हा दातांची झीज अधूनमधून दाखवत राहा आणि त्या खोलीतलं रात्रीचं झोपणं घरात वाटून घ्या. एकट्या सुनेवर किंवा लेकीवर ते टाकू नका.