विश्लेषण : चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला? गेमिंग कन्सोलच्या स्टोरेजचा खर्च का फुगतो?

नोव्हेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने एकाच वेळी दोन गेमिंग कन्सोल बाजारात आणले. अमेरिकेत एक्सबॉक्स सीरिज एक्सची किंमत होती ४९९.९९ डॉलर, तर धाकट्या सीरिज एसची २९९.९९ डॉलर. भारतात हेच दर अनुक्रमे ४९,९९० आणि ३४,९९० रुपये होते. ज्याचे बजेट बेताचे त्याने सीरिज एस घ्यायचा, असा सरळ हिशेब. पण त्याची जागा भरली आणि १ टीबीचे अधिकृत विस्तार कार्ड घ्यावे लागले, तर त्याचे २१९.९९ डॉलर वेगळे. बेरीज झाली ५१९.९८ डॉलर. म्हणजे पैसे वाचवायला निघालेल्या ग्राहकाने महागड्या कन्सोलपेक्षाही २० डॉलर जास्त मोजले. एकूण साठवण वाढली हे खरे, पण यंत्र कमी ताकदीचेच राहिले. कन्सोलच्या खोक्यावर छापलेली किंमत आणि प्रत्यक्ष होणारा खर्च यांतील ही तफावत कुठून येते आणि ती टाळता येते का, याचा आढावा.

जागा इतक्या लवकर का भरते?

खोक्यावर लिहिलेली जागा पूर्ण वापरायला मिळत नाही. सीरिज एसमध्ये ५१२ जीबीचा एसएसडी आहे, पण यंत्रणेची जागा वगळता गेमसाठी उरतात सुमारे ३६४ जीबी. सीरिज एक्सच्या १ टीबीपैकी ८०२ जीबी आणि प्लेस्टेशन ५ च्या पहिल्या मॉडेलच्या ८२५ जीबीपैकी सुमारे ६६७ जीबी हाती लागतात. दुसरीकडे गेमचा आकार फुगतच चालला आहे. 'बाल्डर्स गेट ३'च्या पीसी आवृत्तीसाठी निर्मात्यांनी १५० जीबी जागा मागितली आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी' मालिकेतील गेम १०० जीबीची मर्यादा सहज ओलांडतात. सीरिज एसमध्ये असे दोन-तीन गेम टाकले की नव्यासाठी जुना काढून टाकावा लागतो.

काढलेला गेम पुन्हा डाउनलोड करता येतो, हे उत्तर ऐकायला सोपे वाटते. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर पूर्ण वेग मिळाला तरी १०० जीबी उतरवायला सव्वादोन तास लागतात. मोबाइल डेटावर किंवा मर्यादित ब्रॉडबँडवर अवलंबून असलेल्या घरात तर तो पर्यायच नसतो. म्हणून जास्तीचे स्टोरेज ही चैन न राहता कन्सोलच्या खर्चाचाच भाग बनते.

प्रोप्रायटरी आणि प्रमाणित स्टोरेज म्हणजे काय?

एखाद्या कंपनीने स्वतःच्या उपकरणासाठी वेगळ्या आकाराचे, वेगळ्या जोडणीचे स्टोरेज ठरवले आणि ते कोणी बनवायचे हेही स्वतःच ठरवले, तर ते प्रोप्रायटरी. एक्सबॉक्स सीरिजचे विस्तार कार्ड या प्रकारातले. सुरुवातीला ते केवळ सीगेट ही एकच कंपनी बनवत होती. ते दुसऱ्या कन्सोलला किंवा नेहमीच्या पीसीला सरळ लावता येत नाही.

प्रमाणित स्टोरेजचा आकार आणि जोडणी संपूर्ण उद्योगाने मान्य केलेली असते. लॅपटॉप आणि पीसीमध्ये लागणारा एम.२ एनव्हीएमई एसएसडी हे त्याचे उदाहरण. प्लेस्टेशन ५ मध्ये अशा ड्राइव्हसाठी रिकामा स्लॉट आहे आणि सप्टेंबर २०२१ च्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर तो वापरात आला. सोनीने स्वतःचा ड्राइव्ह न विकता केवळ अटी जाहीर केल्या : पीसीआयई ४.० जोडणी, सेकंदाला ५,५०० एमबी किंवा त्याहून जास्त वाचन-वेग, उष्णता शोषणारा हीटसिंक आणि ठरावीक मापे. या अटी पूर्ण करणारा ड्राइव्ह कोणत्याही कंपनीचा चालतो.

हे आधीही घडले आहे का?

हा खेळ जुना आहे आणि त्यात दोन्ही कंपन्या दोन्ही बाजूंनी खेळल्या आहेत. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० चे 'कोअर' मॉडेल २९९.९९ डॉलरना मिळे, पण त्यात हार्ड डिस्कच नव्हती. २० जीबीची अधिकृत डिस्क ९९.९९ डॉलरना घ्यावी लागे. २००७ मध्ये आलेल्या १२० जीबीच्या डिस्कची किंमत १७९.९९ डॉलर होती. त्या खास डबीच्या आत होती लॅपटॉपमध्ये वापरतात तशीच अडीच इंची डिस्क. त्याच काळात सोनीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये मात्र ग्राहक बाजारातली साधी लॅपटॉप हार्ड डिस्क स्वतः बसवू शकत होता. अनधिकृत मेमरी युनिट बंद पाडणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या अपडेटविरोधात 'डेटेल' या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने २००९ मध्ये अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावाही दाखल केला होता.

मग सोनीने उलटी वाट धरली. २०१२ च्या सुरुवातीला अमेरिकेत आलेल्या प्लेस्टेशन व्हिटा या हातातल्या कन्सोलची किंमत २४९.९९ डॉलर होती. त्याला मायक्रोएसडी चालत नव्हते, सोनीचे खास कार्डच लागे. ३२ जीबीच्या कार्डासाठी ९९.९९ डॉलर, म्हणजे कन्सोलच्या किमतीच्या ४० टक्के! साधे ३२ जीबीचे मायक्रोएसडी त्या वेळी याच्या काही अंश किमतीत मिळे. व्हिटाच्या अपयशामागे स्मार्टफोनची स्पर्धा होतीच, पण कार्डाच्या किमतीवरील नाराजी शेवटपर्यंत तिची पाठ सोडत नव्हती. २०१९ मध्ये उत्पादन थांबले आणि हे कार्ड दुसऱ्या कशातच चालत नसल्याने ग्राहकाची ती गुंतवणूक तिथेच अडकली.

म्हणजे एक कंपनी उदार आणि दुसरी लोभी असे हे चित्र नाही. स्पर्धेत त्या-त्या वेळी कोणाची स्थिती काय, यावर दार उघडे ठेवायचे की बंद, हे ठरत आले आहे.

कंपन्यांचे म्हणणे काय?

त्यांच्या बाजूनेही मुद्दे आहेत. आजचे गेम चालू असताना एसएसडीवरून सतत माहिती ओढतात. ड्राइव्ह मध्येच मंदावला तर गेम अडखळतो आणि दोष कन्सोलला मिळतो. मायक्रोसॉफ्टचे कार्ड आतल्या एसएसडीइतक्याच क्षमतेने चालेल याची हमी असते. ते लावायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. मागच्या खाचेत सरकवले की काम झाले. प्लेस्टेशन ५ मध्ये मात्र वरचे आवरण काढणे, स्क्रू सोडवणे, हीटसिंकची उंची ११.२५ मिलिमीटरच्या आत आहे का ते पाहणे, हे सगळे ग्राहकावर येते. तंत्राची धास्ती असणाऱ्यासाठी या सोयीला किंमत आहे.

दुसरा मुद्दा उघडपणे कमी बोलला जातो. मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी मे २०२१ मध्ये 'एपिक विरुद्ध अ‍ॅपल' खटल्यातील साक्षीत सांगितले की, कंपनीने एक्सबॉक्स कन्सोल कधीच नफ्यात विकलेला नाही. कमाई होते ती गेम, सदस्यत्व आणि जोडउपकरणांतून. प्रिंटर स्वस्त आणि शाईचे कार्ट्रिज महाग, हेच सूत्र इथेही लागू होते. प्रश्न इतकाच की, प्रिंटर घेताना कार्ट्रिजची किंमत विचारण्याची सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे, कन्सोलच्या बाबतीत ती अजून लागलेली नाही.

प्रमाणित ड्राइव्ह नेहमीच स्वस्त असतो का?

नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी चर्चा भरकटते. सप्टेंबर २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ चा स्लॉट खुला झाला, तेव्हा सोनीच्या अटींत बसणारे १ टीबीचे ड्राइव्ह साधारण २०० ते २५० डॉलरच्या घरात होते. एक्सबॉक्सचे कार्ड २१९.९९ डॉलरना मिळत होते. त्या दिवशी पावती समोर ठेवली असती, तर फरक जवळपास शून्य दिसला असता. उलट कार्ड बसवायला सोपे होते.

खरा फरक पडला पुढच्या दोन वर्षांत. एम.२ ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्यांत चुरस होती, चिप्सचे दर उतरत होते. २०२३ च्या मध्यापर्यंत त्याच दर्जाचे १ टीबीचे अनेक ड्राइव्ह १०० डॉलरच्या खाली आले. एक्सबॉक्स कार्डाची छापील किंमत मात्र २१९.९९ डॉलरवर तशीच होती. ती हलली केव्हा? वेस्टर्न डिजिटल ही दुसरी कंपनी २०२३ मध्ये 'सी५०' कार्ड घेऊन उतरली तेव्हा. त्याच सुमारास १ टीबीच्या कार्डाचा दर १४९.९९ डॉलरवर आला, म्हणजे जवळपास एक तृतीयांश घट. चिप्स तर आधीपासूनच स्वस्त होत होत्या. ती स्वस्ताई ग्राहकापर्यंत पोहोचण्यासाठी दुसऱ्या विक्रेत्याची वाट पाहावी लागली.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. बंदिस्त स्टोरेजची किंमत पहिल्या दिवशी कळत नाही, ती तिसऱ्या वर्षी कळते. आणि बहुतेक ग्राहकांना जास्तीची जागा लागते, तीही पहिल्या दिवशी नव्हे तर पुढच्या वर्षांतच.

निन्टेन्डोने कोणता मार्ग निवडला?

जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये २५६ जीबी अंतर्गत जागा आहे. ती वाढवण्यासाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्ड लागते. पहिल्या स्विचमधले साधे मायक्रोएसडी गेमसाठी चालत नाही, त्यातले फोटो-व्हिडीओ तेवढे घेता येतात. एक्स्प्रेस हे एसडी असोसिएशनने २०१९ मध्येच जाहीर केलेले खुले प्रमाण आहे. पण ते वापरणारी उपकरणे फारशी नसल्याने कार्डांचे उत्पादनही मर्यादित होते. परिणामी सुरुवातीला २५६ जीबीचे कार्ड अमेरिकेत साधारण ६० डॉलरना मिळत होते, साध्या मायक्रोएसडीच्या कितीतरी पट. कागदावर प्रमाण खुले असले तरी बाजारात विक्रेते मोजकेच असतील, तर ग्राहकाला सुरुवातीला फायदा दिसत नाही. मात्र इथे नव्या उत्पादकाला निन्टेन्डोच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दर उतरण्याचा रस्ता उघडा आहे.

याचा अर्थ खुले स्टोरेज महागाईपासून सुरक्षित आहे, असाही नाही. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिप्सचे दर वाढू लागले. मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या 'क्रुशिअल' या ग्राहकांसाठीच्या ब्रँडमधून बाहेर पडण्याची घोषणा केली. पण दर वाढले तरी खुल्या बाजारात ग्राहक दुसरी कंपनी पाहू शकतो, जुन्या पीसीतला योग्य ड्राइव्ह वापरू शकतो आणि कन्सोल निकामी झाल्यावर तोच ड्राइव्ह लॅपटॉपला लावू शकतो.

ग्राहकाने काय पाहावे?

कन्सोलची किंमत पाहताना त्यात किमान १ टीबी जास्तीच्या जागेची किंमत मिळवूनच तुलना करावी. स्वस्त मॉडेल मग स्वस्त राहते का, हे लगेच कळते. प्लेस्टेशन ५ साठी ड्राइव्ह घेताना वेग, लांबी आणि हीटसिंकची उंची या तीन गोष्टी तपासाव्यात. स्विच २ साठी कार्डावर 'एक्स्प्रेस' असल्याची खात्री करावी, नुसते मायक्रोएसडी नको. अमेरिकेतून किंवा आखातातून कोणाकडून मागवणार असाल, तर वॉरंटी भारतात लागू आहे का, हे आधी विचारावे.

एक कमी खर्चाचा मार्ग दोन्ही मोठ्या कन्सोलवर उपलब्ध आहे. साधी यूएसबी हार्ड डिस्क लावून मागच्या पिढीतले गेम तिच्यावरूनच खेळता येतात. नव्या पिढीतले गेम तिच्यावरून चालत नाहीत, पण ठेवता येतात. खेळायचे तेव्हा आतल्या एसएसडीवर कॉपी करायचे. पुन्हा डाउनलोड करण्यापेक्षा यात बराच कमी वेळ जातो आणि डेटाही वाचतो.

नियम काय सांगतात, पुढे काय?

युरोपीय संघाने समान चार्जरच्या नियमाखाली २८ डिसेंबर २०२४ पासून हातातल्या गेमिंग कन्सोलनाही यूएसबी-सी सक्तीचे केले. स्टोरेजसाठी तसा नियम नाही. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पण तिचा भर शेती अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने या चार क्षेत्रांवर होता. एकच आकार सर्वांवर लादणे हे उत्तर असेलच असे नाही. त्याने नव्या तंत्राची वाट अडू शकते. पण दोन किमान अपेक्षा वाजवी ठरतात. प्रत्यक्ष वापरता येणारी जागा खोक्यावर ठळकपणे छापावी. आणि खास कार्डच वापरायचे असेल, तर अटी पूर्ण करणाऱ्या कोणत्याही उत्पादकाला ते बनवण्याची मुभा पहिल्या दिवसापासून असावी.

बाजार त्या दिशेने थोडा सरकलेलाही दिसतो. एक्सबॉक्सचेच नाव लावून आसुसने ऑक्टोबर २०२५ मध्ये आणलेल्या 'रॉग एक्सबॉक्स अ‍ॅलाय' या हातातल्या उपकरणात प्रमाणित एम.२ ड्राइव्ह बदलता येतो. पुढच्या पिढीतल्या कन्सोलची घोषणा होईल तेव्हा ग्राफिक्स आणि वेगाचे आकडे जोरात सांगितले जातील. बेताच्या बजेटच्या ग्राहकाने त्याआधी एकच प्रश्न विचारावा : यात जागा वाढवायची झाली, तर ती किती जणांकडून विकत घेता येईल?