हक्क नागरिकाचा, वाटा पंथाचा

ऑक्टोबर २०१९ मध्ये इराकमध्ये उठाव पेटला. त्याचा नकाशा समोर ठेवला की अरब राजकारणाविषयीचे बरेच ठोकताळे मोडीत निघतात. बगदादचा तहरीर चौक, नासिरिया, बसरा, कर्बला, नजफ असा तो शियाबहुल भागात पसरला आणि सत्तेवर होते ते शिया पक्षांच्याच पुढाकाराचे सरकार. पंतप्रधान आदिल अब्दुल महदी शिया, त्यांना टेकू देणारे बलाढ्य सशस्त्र गट शिया, या गटांची पाठराखण करणारा शेजारचा इराणही शिया. तरीही पंथाच्या पवित्र शहरांतली तरुण पोरे इराणी वकिलातींवर चालून गेली. २७ नोव्हेंबरला नजफमधली वकिलात त्यांनी पेटवून दिली. ‘नुरीद वतन’, म्हणजे ‘आम्हाला देश हवा’, ही त्यांची घोषणा होती.

हा संताप आकाशातून पडला नव्हता. इराकच्या तेलाचा मोठा हिस्सा बसरा प्रांतातून येतो. त्याच बसऱ्यात २०१८ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्याने लाखाहून अधिक माणसे आजारी पडून दवाखान्यांत पोहोचली. आपल्या पंथाचे नेते सत्तेत आहेत, म्हणून नळाला गोडे पाणी आले नाही.

अरब समाज मुळातच पंथापंथांत फाटलेला आहे, म्हणून तिथे लोकशाही रुजत नाही, असे सर्रास सांगितले जाते. रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी मात्र याच्या नेमके उलट सांगितले. पंथीय राजकारण हा प्राचीन वैराचा वारसा असण्यापेक्षा सरकारी तिजोरी, नोकऱ्या आणि कायद्यापासूनचे संरक्षण वाटून घेण्याची आधुनिक व्यवस्था आहे. उठावांनी सरकारे पाडली, पण ही वाटणी शाबूत राहिली. उठावांनंतरच्या अपयशाचे खापर जनतेच्या श्रद्धेवर फोडणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

इराकमध्ये या वाटणीला ‘मुहासासा’ म्हणतात. सद्दाम हुसेन यांची राजवट उलथवल्यावर जुलै २००३ मध्ये अमेरिकेने २५ जणांची शासन परिषद नेमली. १३ शिया, पाच सुन्नी अरब, पाच कुर्द, एक तुर्कमेन आणि एक ख्रिस्ती, असे तिचे गणित होते. पुढे पंतप्रधान शिया, संसदेचा सभापती सुन्नी आणि राष्ट्राध्यक्ष कुर्द हा रिवाजच पडला. त्याखाली मंत्रालये, महासंचालकांची पदे, कंत्राटे असे सगळे पक्षांच्या हिश्श्याप्रमाणे वाटले जाऊ लागले. सगळेच मोठे पक्ष सरकारात बसले की हिशेब विचारायला विरोधी बाकांवर कोणी उरत नाही. सप्टेंबर २०२१ ते ऑगस्ट २०२२ या काळात कर खात्याच्या ठेवींतून सुमारे अडीच अब्ज डॉलर मोजक्या कंपन्यांच्या नावे काढले गेले. इराकी लोक त्याला ‘शतकातली चोरी’ म्हणतात. अशी चोरी एका पंथाच्या आशीर्वादाने होत नाही. तिला सगळ्यांचे मौन लागते.

तहरीर चौकातल्या पोरांनी याची किंमत जिवाने मोजली. सहाशेहून अधिक माणसे मारली गेली. जखमींना टुकटुकवाल्यांनी, म्हणजे शहरातल्या सर्वांत गरीब चालकांनी, अश्रुधुरातून रुग्णालयात पोहोचवले. अब्दुल महदी पायउतार झाले, निवडणूक कायदा बदलला आणि ऑक्टोबर २०२१ च्या मुदतपूर्व निवडणुकीत काही नवे चेहरे निवडून आले. मात्र मार्च २०२३ मध्ये संसदेने मोठ्या पक्षांना सोयीची जुनी यादी पद्धत परत आणली. जानेवारी २०२५ मध्ये तर १९५९ पासून शिया आणि सुन्नी दोघांना सारखा लागू असलेला कुटुंब कायदा दुरुस्त करून लग्न, घटस्फोट, वारसा या बाबी पंथीय धर्मशास्त्राकडे सोपवण्याची वाट मोकळी केली गेली. ज्यांनी देश मागितला, त्यांच्या हाती पुन्हा पंथच ठेवला गेला.

लेबनॉनमध्ये ही व्यवस्था कितीतरी जुनी आहे. १९३२ नंतर त्या देशात जनगणना झालेली नाही, कारण खरे आकडे बाहेर आले तर वाटणी डळमळेल. १९४३ च्या अलिखित करारानुसार राष्ट्राध्यक्ष मारोनी ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया असतो. पंधरा वर्षांचे यादवी युद्ध थांबवणाऱ्या १९८९ च्या ताइफ करारात ही पद्धत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे वचन होते. प्रत्यक्षात संसदेच्या १२८ जागा ख्रिस्ती आणि मुस्लीम यांत निम्म्या-निम्म्या झाल्या, १९९१ मध्ये युद्धगुन्ह्यांना माफी देणारा कायदा आला आणि टोळ्यांचे सेनानी मंत्री झाले.

सर्वसामान्य लेबनीज माणसाच्या आयुष्यात याचा अर्थ काय? देशात १८ पंथांना अधिकृत मान्यता आहे, पण नागरी विवाहाचा कायदा नाही. दोन पंथांतल्या तरुण-तरुणीला धर्मगुरूविना लग्न करायचे, तर बहुधा सायप्रसची वाट धरावी लागते. रुग्णालयातली खाट, शाळेची फी, सरकारी नोकरी यांसाठी पंथातल्या नेत्याचा वशिला लागतो. ताइफनंतरच्या राज्यघटनेत पंथांची समसमान वाटणी फक्त सर्वोच्च श्रेणीच्या पदांपुरती आहे. तरीही राष्ट्राध्यक्ष मिशेल आऊन यांच्या काळात परीक्षा उत्तीर्ण झालेल्या वनरक्षकांच्या नेमणुका अडल्या, कारण निवड झालेल्यांत मुस्लिमांचे प्रमाण जास्त होते. जंगल राखायला सुद्धा पंथाचा तराजू लावला गेला.

१७ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हॉट्सॲप कॉलवर कर बसवण्याचा प्रस्ताव आला आणि त्या रात्री बैरुत रस्त्यावर उतरले. ‘कुल्लुन यानी कुल्लुन’, म्हणजे ‘सगळे म्हणजे सगळेच’, ही घोषणा या उठावाचे सार होती. यातून कोणताही नेता सुटणार नव्हता, स्वतःच्या पंथाचाही नाही. सुन्नीबहुल त्रिपोलीत, शियाबहुल नबातियात, ख्रिस्ती वस्त्यांत लोकांनी आपापल्या पुढाऱ्यांची नावे घेऊन निषेध केला. २७ ऑक्टोबरला त्रिपोली ते टायर असा सुमारे १७० किलोमीटरच्या किनाऱ्यावर हात धरून उभे राहण्याचा कार्यक्रम झाला. दोनच दिवसांनी पंतप्रधान साद हरिरी यांनी राजीनामा दिला.

पण अर्थव्यवस्था पोखरलेलीच होती. मार्च २०२० मध्ये देशाने परकीय कर्जरोखे बुडवले. १९९७ पासून डॉलरला सुमारे १,५०७ लिरा असा बांधलेला दर मार्च २०२३ मध्ये खुल्या बाजारात एक लाखाच्या पार गेला. बँकांनी सामान्यांच्या ठेवी अडकवून ठेवल्या. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदरात वर्षानुवर्षे पडून असलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटच्या साठ्याचा स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसे मेली.

पुढे जे झाले, ते पंथीय राजकारण कसे चालते याचा धडाच आहे. चौकशी करणारे न्यायाधीश तारेक बिटार यांनी माजी मंत्र्यांना बोलावले, तेव्हा त्या नेत्यांनी न्यायालयात उत्तरे देण्याऐवजी खटले घालून चौकशी रोखली. ऑक्टोबर २०२१ मध्ये बिटार यांना हटवण्याच्या मागणीसाठी हिजबुल्ला आणि अमल या शिया पक्षांच्या समर्थकांनी मोर्चा काढला. बैरुतच्या तय्यूने भागात गोळीबार होऊन सात जण ठार झाले. निष्काळजीपणाचा फौजदारी प्रश्न बघता बघता शिया विरुद्ध ख्रिस्ती असा झाला. मृतांमध्ये सर्व पंथांची माणसे होती, पण आरोपींना आपला पंथ आठवला. दोन वर्षांहून अधिक रिकामे राहिलेले राष्ट्राध्यक्षपद जानेवारी २०२५ मध्ये भरले, त्यानंतर चौकशी पुन्हा हलू लागली. साडेचार वर्षे मृतांच्या नातेवाइकांनी हा प्रश्न विझू दिला नाही, हे श्रेय त्यांचेच आहे.

जिथे वाटणी नाही, तिथेही राज्यकर्त्यांनी पंथ हे हत्यार वापरले. फेब्रुवारी २०११ मध्ये बहारीनच्या मोती चौकात ‘ना सुन्नी, ना शिया, आम्ही बहारीनी’ असे फलक होते. १४ मार्चला सौदीच्या पुढाकाराने आखाती फौजा आल्या, चार दिवसांनी चौकातले स्मारकच पाडले गेले. राजाने स्वतः नेमलेल्या बस्सियुनी आयोगाने त्या काळात शिया प्रार्थनास्थळे पाडल्याची नोंद केली. घटनात्मक सुधारणेची मागणी शियांचे बंड ठरवली गेली.

आज सर्वांत कठीण परीक्षा सीरियाची आहे. २०११ मध्ये निदर्शक ‘सीरियाची जनता एक आहे’ असे ओरडत होते. बशर असद राजवटीने गोळ्या झाडल्या, असद यांच्याच अल्पसंख्य अलवी समाजाला भीती घालून आपल्यामागे उभे केले आणि तुरुंगातून कट्टरपंथी सोडून दिले. ८ डिसेंबर २०२४ रोजी ती राजवट कोसळली. तीन महिन्यांत, मार्च २०२५ मध्ये, किनारपट्टीवर असदसमर्थक बंदूकधाऱ्यांनी सुरक्षा दलांवर हल्ले केले आणि प्रत्युत्तरात अलवी वस्त्यांत कत्तली झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानुसार सुमारे १,४०० माणसे मारली गेली, त्यांत बहुतेक सामान्य नागरिक होते. जुलैमध्ये सुवेदात द्रुझ आणि बदाऊन यांच्यातल्या चकमकीत सरकारी फौजा उतरल्या आणि तिथेही रक्त सांडले.

अशा वेळी अल्पसंख्याकांनी ‘आमचा वाटा लिहून द्या’ म्हटले, तर त्यांना दोष देता येणार नाही. ज्याच्या घरात माणसे मारली गेली, त्याला समान नागरिकत्वाचे व्याख्यान पुरत नाही. पण लेबनॉन आणि इराकचा अनुभव सांगतो की कोट्याने पुढारी सुरक्षित होतात, वस्ती होत नाही. यातून वाट ताइफ करारातच आहे. त्यात पंथनिरपेक्ष पायावर निवडलेल्या संसदेसोबत सर्व पंथांचे प्रतिनिधित्व करणारे, केवळ मोठ्या राष्ट्रीय प्रश्नांपुरते अधिकार असलेले वरिष्ठ सभागृह सुचवले आहे. भीतीला तिथे आवाज मिळतो, पण मंत्रालये आणि कंत्राटे वाटायची मुभा मिळत नाही. लेबनॉनने ही तरतूद राज्यघटनेत लिहिली आणि आजवर अमलात आणली नाही.

सीरियाला ती चूक टाळता येईल. मार्च २०२५ च्या हंगामी घटनात्मक घोषणेने अध्यक्ष अहमद अल-शरा यांच्या हाती प्रचंड अधिकार दिले आहेत, अध्यक्ष मुस्लीमच असावा अशी अटही घातली आहे. ऑक्टोबरमधल्या अप्रत्यक्ष निवडणुकीत २१० पैकी एक तृतीयांश सदस्य नेमण्याचा हक्क अध्यक्षांनाच होता आणि सुवेदातली निवडणूक लांबणीवर टाकली गेली. नोव्हेंबरमध्ये अलेप्पोत किनारपट्टीवरील हिंसाचाराचा खटला उघड न्यायालयात सुरू झाला. आरोपींत असदसमर्थकही होते आणि नव्या सरकारच्या दलांतले जवानही. हे पाऊल मोलाचे आहे. आता सुवेदातल्या हत्यांसाठीही असेच खटले हवेत, हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचणारे. आणि कायमची राज्यघटना लिहिली जाईल, तेव्हा अलवी, द्रुझ, कुर्द, ख्रिस्ती प्रतिनिधी मसुदा समितीत मतासह बसलेले हवेत.