लासलगाव पुढे, आझादपूर मागे?

कांद्याच्या भावात लासलगाव पुढे असते आणि दिल्लीचे आझादपूर त्याच्या मागून चालते, असे सांगणारे लेख आमच्याकडे नियमित येतात. निष्कर्ष खरा असेलही. पण त्याचा सारा भार ग्रेंजर चाचणीच्या एकाच कोष्टकावर टाकलेला असतो, आणि तेवढा आधार पुरेसा नाही.

क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये विचारलेला प्रश्न मर्यादित होता. आझादपूरचे स्वतःचे मागचे भाव हाताशी असताना लासलगावचे मागचे भाव जोडले, तर आझादपूरचा अंदाज सुधारतो का? उत्तर होकारार्थी आले तर अंदाज सुधारतो, एवढेच कळते. अवकाळी पावसाच्या बातमीने दोन्ही बाजार हलले आणि त्यातला एक आधी हलला, तरी चाचणी हेच उत्तर देईल.

खरी काळजी आकडे मांडतानाच घ्यावी लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. अशा रिकाम्या दिवसांत आदल्या दिवसाचा भाव भरला, की बंद असलेला बाजार कागदावर आपोआप मागे पडतो. घड्याळाचेही तसेच. आझादपूरचे व्यवहार पहाटेच सुरू होतात, लासलगावचा लिलाव त्यानंतर. लासलगावची आजची तेजी दिल्लीच्या नोंदीत उद्याच्या तारखेला दिसते. दिल्लीच्या व्यापाऱ्याला ती फोनवर तासाभरात कळलेली असली, तरी दैनिक आकड्यांत लासलगाव एक दिवस पुढे दिसते.

भावांची मालिका स्थिर नसेल, तर प्रतिगमनातून भासमान संबंध निघतात, हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच दाखवले. पण त्यावर उपाय म्हणून भावांऐवजी त्यांचे नुसते दैनिक फरक घेतले, तर दोन बाजारांना बांधून ठेवणारे दीर्घकालीन नाते हातून निसटते. म्हणून हे नाते, म्हणजेच कोइंटिग्रेशन, आधी तपासा. ते आढळले तर एरर करेक्शन मॉडेल वापरा. दहा बाजार घेतले की दिशेसह ९० जोड्या होतात. त्यांच्यात प्रत्यक्षात काहीच नाते नसले, तरी ५ टक्के पातळीवर चार-पाच जोड्या निव्वळ योगायोगाने ‘सार्थ’ ठरतील. शिवाय डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या निर्यातबंदीच्या काळातले नाते आधीच्या वर्षांसारखेच होते, हे गृहीत धरता येत नाही.

म्हणून यापुढे लेखकांकडून आम्ही दोन गोष्टी मागणार आहोत. बंद दिवस कसे हाताळले, ते स्पष्ट लिहावे. आणि मॉडेल बसवताना न वापरलेल्या महिन्यांचे भाव वर्तवून दाखवावेत. ‘उद्याचा भाव आजच्याइतकाच’ या साध्या अंदाजापेक्षा मॉडेल सरस ठरले, तरच एक बाजार दुसऱ्याचा भाव सांगतो, असे म्हणावे.

ही अट कडक आहे, आणि ती तशीच हवी. उन्हाळ कांदा चाळीत ठेवायचा की विकायचा, हे शेतकरी पुढच्या भावाच्या अंदाजावर ठरवतो. आपले निष्कर्ष त्याच्यापर्यंत सल्ला म्हणून पोहोचतात. सल्ला चुकला तर नुकसान त्याचे होते. म्हणून तपासणीचा भार आपण उचलला पाहिजे.