गहाण सोने आणि मताचा हक्क



धनत्रयोदशीला घरातले सोने पूजेला मांडाल, तेव्हा 1991 चा जुलै महिना जरूर आठवा. त्या महिन्यात रिझर्व्ह बँकेचे सुमारे 47 टन सोने मुंबईहून विमानाने इथे, बँक ऑफ इंग्लंडकडे आले. ते तारण ठेवून भारताने सुमारे 40 कोटी डॉलर उभे केले. देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते. सोने गहाण टाकण्याचे दुःख मराठी घराला वेगळे सांगायला नको.

24 जुलैला डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. त्याच दिवशी नवे औद्योगिक धोरण आले आणि बहुतेक उद्योगांची परवान्यातून सुटका झाली. पंतप्रधान होते नरसिंह राव, पूर्वी आपल्या रामटेकचे खासदार. त्यांच्या सरकारला लोकसभेत बहुमतही नव्हते.

इथे वाढलेली आपली मुले विचारतात, "चीनने 1978 मध्येच दारे उघडली. भारताला लोकशाही आडवी आली का?" प्रश्न रास्त आहे. दक्षिण कोरिया आणि तैवानमध्ये आधी उद्योग वाढले. राजकीय मोकळीक लोकांनी 1987 च्या सुमारास झगडून मिळवली. चीनमध्ये बाजार आला, पण सरकार बदलण्याचा हक्क आला नाही. भारताचा क्रम उलटा. 1951-52 मध्येच निरक्षर शेतमजुरालाही मत मिळाले, बाजार चाळीस वर्षांनी खुला झाला.

म्हणून आपल्या सुधारणा रखडत होतात, हे खरे. पण 1996 मध्ये मतदारांनी राव सरकारला घरी बसवले, तरी पुढच्या वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी ती वाट सोडली नाही. अनेकांच्या संमतीने झालेले काम असे टिकते.

उदारीकरणाने पुण्याच्या संगणक अभियंत्याला जग खुले केले. तुमच्यापैकी कित्येक त्याच वाटेने इथे आलात. विदर्भातल्या कोरडवाहू कापूस शेतकऱ्याच्या वाट्याला ते सुख आले नाही. "देशाला एक खंबीर हात हवा," असे आपण इथे बसून म्हणतो, तेव्हा त्याच्या हातातले एकमेव हत्यार काढून घ्यायला निघालेलो असतो.

2023-24 मध्ये रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमधले सुमारे 100 टन सोने भारतात परत नेले. सोने असे परत नेता येते. मताचा हक्क गहाण पडला, तर तो सोडवायला पिढ्या जातात.

फराळाच्या ताटाभोवती हा वाद जरूर घाला. आणि मुलांना आधी बोलू द्या.