काटा हलतो; वेगाचे काय?

जुन्या मोटारी जपणाऱ्यांच्या आस्थेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अ‍ॅम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी तिचे जुने १४८९ सीसीचे इंजिन उतरवून तेथे कंपनीनेच १९९० च्या दशकात आणलेले १.८ लिटरचे इसुझु इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून घेणारे मालक आजही आढळतात. इंजिनाच्या दमाविषयी ही मंडळी भरभरून बोलतात. स्पीडोमीटरचा विषय मात्र सर्वांत शेवटी निघतो, आणि कशीबशी केबल जोडून काटा हलू लागला की काम संपले असे मानले जाते. माझ्या मते असा नुसता हलणारा काटा बंद काट्याहून अधिक घातक आहे. बंद काटा निदान काही सांगण्याचा दावा तरी करीत नाही.

मुळात हा काटा वेग मोजतच नाही. तो फेरे मोजतो. गिअरबॉक्समधून मागे जाणाऱ्या दांड्यावरील दाते एका छोट्या पिनियनला फिरवतात, पिनियन केबलला आणि केबल तबकडीमागच्या चुंबकाला. चुंबकाच्या फिरण्याने धातूच्या वाटीत प्रवाह निर्माण होतात, वाटी ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते. ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना शतकभर टिकली. मात्र तबकडीवरील आकडे खरे ठरतात ते पिनियनचे दाते, डिफरन्शिअलचे गुणोत्तर आणि टायरचा परीघ यांच्या परस्पर करारावर. इंजिन किती ताकदीचे, गिअर चार की पाच, याचा त्या कराराशी संबंध नाही. फेरे गिअरच्या पलीकडे मोजले जातात.

समजा, टायरचा परीघ २ मीटर आहे. म्हणजे किलोमीटरला ५०० फेरे. डिफरन्शिअल ४.५ चे असेल तर दांडा २२५० वेळा फिरेल. नव्या इंजिनाबरोबर ३.९ चे डिफरन्शिअल आले की तोच आकडा १९५० होतो. पिनियन जुनेच राहिले तर गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असताना काटा ५२ दाखवील. फरक किरकोळ वाटतो, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५२ च्या तुलनेत ६० च्या वेगात ती सुमारे एक तृतीयांशाने अधिक असते. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या जुन्या गाडीला ती जिरवायची असते. शिवाय १५,००० किलोमीटर धावलेली गाडी १३,००० ची नोंद दाखवील आणि पुढच्या ग्राहकाला तीच नोंद सत्य म्हणून विकली जाईल.

यावर एक उत्तर हमखास मिळते: अनुभवी चालकाला वेग कानानेच कळतो. एरवी ते खरेही असेल. परंतु तो कान जुन्या इंजिनाच्या घरघरीवर घडलेला असतो. नवे इंजिन पाचव्या गिअरमध्ये त्याच वेगाला निवांत चालते, आणि जुनी खूण नेमकी तेव्हाच फसवी होते. यंत्रणा बदलल्यावर मीटरची गरज कमी होत नाही, वाढते. मोबाइलवरील जीपीएस पडताळणीला उत्तम, पण मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरच्या बोगद्यात शिरताच त्याचा भरवसा संपतो.

उपाय अवघड नाही. वरील उदाहरणात पंधरा दात्यांच्या पिनियनऐवजी तेरा दात्यांचे बसवले की हिशेब तंतोतंत जुळतो. तसे पिनियन मिळत नसेल तर केबलच्या मार्गात गुणोत्तर बदलणारी छोटी गिअरपेटी बसवता येते. ज्या गिअरबॉक्सला केबलऐवजी सेन्सर आहे, तेथे सेन्सरचे स्पंद मोजून छोट्या मोटरने जुनी केबल फिरवणारी पेटी चालते. मूळ तबकडी फेकून देण्याची गरज नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ स्पीडोमीटर आवश्यक मानतो आणि १९८८ च्या अधिनियमातील कलम ५२ मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते. पण प्रश्न केवळ कायद्याचा नाही. गॅरेजने बिलावर पिनियनचे दाते, डिफरन्शिअलचे गुणोत्तर आणि टायरचे माप लिहून द्यावे, असा आग्रह प्रत्येक मालकाने धरावा. मग मोकळ्या रस्त्यावर काटा ६० वर स्थिर ठेवून, शेजारी बसलेल्याच्या हाती घड्याळ देऊन, एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ पाहावा. बरोबर साठ सेकंद लागले तर मीटर चालू झाले. बावन्न लागले, तर केवळ काटा हलतो आहे.