पिवळसर पिशवीचा आग्रह

पाचवीच्या रात्री पाटावर सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. माझ्या भाचीच्या मुलाच्या पाचवीला मात्र मी रक्तपेढीच्या खिडकीसमोर एक भरलेला कागद हाती घेऊन उभा होतो. ही २०१७ सालची गोष्ट. सातव्या महिन्यात जन्मलेले, किलोभरही न भरलेले ते पोर काचेच्या पेटीत होते, संध्याकाळच्या रिपोर्टात त्याच्या प्लेटलेटची संख्या ४६ हजार आली होती, आणि मागणीपत्रावर ‘कारण’ या सदरात ‘काउंट कमी’ एवढेच दोन शब्द होते. मी शहाणपणाने बर्फाची पेटी बरोबर नेली होती. ती पाहून खिडकीतल्या तंत्रज्ञाने कपाळाला हात लावला. प्लेटलेट बर्फात घालायच्या नसतात, वीस ते चोवीस अंशांच्या उबेत, सतत हलणाऱ्या फळीवर त्या ठेवाव्या लागतात आणि पाचच दिवस टिकतात, असे सांगून त्याने पिशवी दिव्यासमोर धरली व हलकेच दाबली, तेव्हा त्या फिकट पिवळ्या द्रवात रेशमाचे धागे फिरावेत तसे भोवरे उठले. असे भोवरे दिसले म्हणजे पिशवी चांगली, असे तो म्हणाला.

ती पिशवी चढली आणि आम्ही सारे निर्धास्त झालो. आज लिहावयास बसलो आहे तो त्या निर्धास्तपणाविषयीच.

डेंग्यूच्या साथींनी प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे इतका घरोघर पोचविला आहे की, ‘पेशी किती झाल्या?’ हा प्रश्न आता प्रकृतीच्या चौकशीइतकाच सहज विचारला जातो, आणि पपईच्या पानांचा रस घेऊन धावणारे आप्त तर प्रत्येकाच्या परिचयाचे आहेत. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये दीड लाखांहून अधिक प्लेटलेट असाव्यात, हा हिशेब नवजातालाही लागू आहे. परंतु आईचा रक्तदाब वाढून वारेचे कार्य मंदावले तर जन्मतःच, आणि पुढे जंतुसंसर्ग झाला वा आतड्याला दाह झाला तर काही दिवसांनी, अपुऱ्या दिवसांच्या बालकांत ही संख्या घसरते. अशा बालकाच्या मेंदूतल्या कोवळ्या रक्तवाहिन्या फुटण्याचे भय खरे असते. संख्या कमी, म्हणून रक्तस्राव होईल. बाहेरून भर घातली, म्हणजे तो टळेल, हे अनुमान इतके सरळ दिसते की त्याची परीक्षा घ्यावी असे अनेक दशके फार थोड्यांना वाटले. कॅनडात १९९३ साली मॉरीन अँड्र्यू यांनी १५२ बालकांवर ती घेतली होती. संख्या दीड लाखांवर राखूनही मेंदूतील रक्तस्राव कमी झाला नाही, असे त्यांना आढळले. तथापि रूढी चालूच राहिली, आणि कोठे ५० हजारांना, कोठे त्याच्याही वर, ज्याच्या त्याच्या शिरस्त्याप्रमाणे पिशव्या चढत राहिल्या.

या प्रश्नाचा खरा निवाडा ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्स या तीन देशांतल्या रुग्णालयांनी मिळून केला. ॲना कर्ली आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ ते २०१७ या काळात चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेली ६६० बालके दोन गटांत यदृच्छेने विभागली. एका गटाला संख्या ५० हजारांखाली जाताच प्लेटलेट देण्यात आल्या, दुसऱ्याला २५ हजारांखाली गेल्याशिवाय देण्यात आल्या नाहीत. २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले ते अपेक्षेच्या नेमके उलट होते. ज्यांना हात सैल सोडून दिले गेले त्यांच्यापैकी शंभरांत २६ बालके अठ्ठावीस दिवसांत दगावली वा त्यांना नव्याने मोठा रक्तस्राव झाला; ज्यांच्या बाबतीत हात आखडला त्यांच्यात हे प्रमाण १९ होते. पुढे ही मुले दोन वर्षांची झाल्यावर पाहिले, तेव्हा मृत्यू किंवा गंभीर मंदविकास यांचे प्रमाण पहिल्या गटात ५० टक्के आणि दुसऱ्यात ३९ टक्के निघाले. जी वस्तू रक्तस्राव थांबवावी म्हणून दिली, ती देण्यानेच अहित वाढले.

असे का व्हावे याचा पूर्ण खुलासा अद्याप झालेला नाही, परंतु थोडा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. या परीक्षेतल्या बालकांचे मध्यम वजन ७४० ग्रॅम, म्हणजे पाऊण किलोलाही किंचित कमी. अशा एका बालकाच्या सर्वांगात मिळून रक्त साठ-पासष्ट मिलिलिटर, आणि किलोमागे पंधरा मिलिलिटर या मात्रेने त्याला द्यावयाच्या प्लेटलेट अकरा मिलिलिटर. आपल्याला दोन चमचे वाटणारा हा द्रव त्याच्या एकंदर रक्ताच्या सहाव्या हिश्शाइतका असतो, आणि तो बहुधा तासाभराच्या आतच त्या नाजूक शिरांत लोटला जातो. शिवाय तो प्रौढ दात्याचा असतो. नवजाताच्या स्वतःच्या प्लेटलेट स्वभावतः सौम्य, आणि त्याच्या रक्तातील इतर घटक त्या सौम्यपणाची भरपाई करणारे. या बेताने जुळविलेल्या संसारात प्रौढांच्या तडफदार प्लेटलेट येऊन पडल्या की तोल जातो आणि दाहही वाढतो, असे संशोधकांचे अनुमान आहे.

‘ते श्रीमंत देश, आमच्याकडे जंतुसंसर्ग अधिक, खुरटलेली बालके अधिक, तेथला आकडा येथे कसा चालावा?’ असा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. परंतु चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत, हृदयाजवळची गर्भावस्थेतली वाहिनी खुली राहिलेल्या ४४ बालकांवर झालेली आणि २०१९ सालीच प्रसिद्ध झालेली परीक्षा आपल्याच मातीतली आहे; तेथेही संख्या लाखावर राखल्याने वाहिनी लवकर मिटली नाही, उलट मेंदूतील रक्तस्रावच अधिक आढळला. परिस्थिती निराळी म्हणून सावधगिरी अधिक हवी, हे मान्य. पण सावधगिरी म्हणजे अधिक पिशव्या, हे कोणत्या न्यायाने?

जे बालक प्रत्यक्ष रक्त गमावीत आहे, ज्याची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, किंवा ज्याच्या प्लेटलेट आईच्याच प्रतिपिंडांनी नष्ट केल्या आहेत, त्याचा मार्ग अर्थातच वेगळा, आणि तेथे विलंब हा अपराध ठरेल. इतरांच्या बाबतीत मात्र २५ हजार ही मर्यादा आपल्या प्रत्येक नवजात कक्षाने लेखी स्वीकारून भिंतीवर लावावी. २०२५ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही तीच सांगितली आहे. टाचेला टोचून घेतलेल्या थेंबात प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र खोटी घट दाखविते, तेव्हा पिशवी मागविण्यापूर्वी शिरेतले रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहावे. आणि मागणीपत्रावरच्या ‘कारण’ या सदरात ‘काउंट कमी’ एवढ्यावर रक्तपेढीने समाधान मानू नये. रक्तस्राव आहे की नाही, हे तेथे लिहिलेले असावे.

उरला आम्हा आप्तेष्टांचा भाग, आणि तो काही लहान नाही. तरुण डॉक्टरच्या मनात थांबावयाचे असले तरी बाहेरच्या बाकावर आठ माणसे ‘पैशाकडे पाहू नका, लागेल ते द्या’ म्हणत बसलेली असतात. त्या आठांत मी होतो. आमचे पोर आज शाळेत जाते. त्या पिशवीने त्याचे भले केले की बुरे, हे एका बालकावरून ठरत नाही, आणि त्या काळच्या रिवाजाने वागणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. परंतु आठवड्याने त्याची संख्या पुन्हा ३४ हजारांवर आली, त्या रात्री पाळीवर असलेल्या एका डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘काका, कुठे रक्त दिसत नाहीये, डोक्याची सोनोग्राफी चांगली आहे, आपण सकाळी परत बघू.’’ मी ऐकले नाही. आवाज चढविला, वरिष्ठांना फोन लावा म्हणालो, निष्काळजीपणा हा शब्दही वापरला. त्या शांतपणे ऐकून घेऊन आत गेल्या आणि पिशवी मागविली नाही. सकाळचा रिपोर्ट ४१ हजारांचा आला. मी कक्षाच्या दाराशी गेलो, तेव्हा त्यांची पाळी संपून त्या घरी गेल्या होत्या.