प्रकाशाने काय शोधावे?

अंडकोषाच्या सुजेवर टॉर्च लावून समोरच्या बाजूने कागदाच्या सुरळीतून पाहण्यास आमच्या शिक्षकांनी विद्यार्थिदशेत शिकविले होते. आत पाणी असेल तर सूज लालसर उजळे. घट्ट गाठ असेल तर काळोख राही. सुई नाही, वेदना नाही. प्रोस्टेटचा कर्करोग प्रकाशाच्या साहाय्याने शोधण्याच्या प्रयोगांविषयी वाचताना मला तो टॉर्च आठवतो, आणि एक गृहस्थही आठवतात.

सुमारे वीस वर्षांपूर्वी बडोद्यातील आपल्या समाजाचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. रक्तातील पीएसए ६.२ होते. प्रचलित रीतीप्रमाणे मी गुदमार्गातून सुईने ग्रंथीचे तुकडे घेतले. कर्करोग निघाला नाही. परंतु तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि नऊ दिवस ते रुग्णालयात होते. बरे झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नसलेल्या रोगानेच मला नेले असते!" ते हसले, मला हसता आले नाही.

पीएसए हे ग्रंथीचे द्रव्य आहे, केवळ कर्करोगाचे नव्हे. ते ४ ते १० च्या दरम्यान असलेल्या दर चार पुरुषांपैकी साधारण तिघांना कर्करोग नसतो. म्हणूनच सुईपूर्वीच्या चाळणीची गरज आहे. सुमारे ६५० ते ९०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी ऊतींत काही सेंटिमीटर शिरतात. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटर याच तत्त्वावर प्राणवायू मोजतो. अर्बुदात नव्या रक्तवाहिन्या फुटतात; तेथील हिमोग्लोबिनचे प्रमाण बदलते व प्रकाश वेगळा शोषला जातो. अडचण अशी की, ऊतींत प्रकाश विखुरतो आणि चित्र धूसर होते. यावर तोड म्हणून प्रकाशाचे स्पंद आत सोडून त्यांपासून उमटणारा ध्वनी टिपण्याची फोटोअकूस्टिक पद्धत पुढे आली. हे सारे अद्याप प्रामुख्याने संशोधनाच्या पातळीवर आहे. सुईपूर्वीच्या चाळणीचे काम आज एमआरआय करतो. अशा चाळणीने सुमारे २७ टक्के पुरुषांची सुई टळू शकते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील प्रॉमिस अभ्यासात दिसले.

तथापि माझा मुद्दा यंत्राच्या पलीकडचा आहे. ब्रिटनमधीलच प्रोटेक्ट अभ्यासात १,६४३ रुग्णांपैकी काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना किरणोपचार दिले, तर काहींवर केवळ लक्ष ठेवले. पंधरा वर्षांनंतर, २०२३ साली निष्कर्ष आला: या कर्करोगाने मृत्यू पावलेले सुमारे २.७ टक्केच, आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. म्हणजे सापडलेला प्रत्येक कर्करोग जीवघेणा नसतो. अधिक कर्करोग शोधणाऱ्या यंत्राने अधिक वृद्धांना निष्कारण शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेले, तर ती प्रगती कसली? प्रकाशाने सांगावे ते हे की, कोणती गाठ घातक आहे आणि कोणती सुखेनैव तशीच राहू द्यावी.

हे सिद्ध होईपर्यंत अशा तपासणीला आरोग्यतपासणीच्या 'पॅकेज'मध्ये स्थान देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचकांनीही संकोच सोडून पीएसए करण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे, "आकडा वाढलेला निघाला, तर पुढे काय कराल?" त्या शिक्षकांना हे समजावून सांगण्यास मला दहा मिनिटे पुरली असती. ती मी दिली नाहीत, याची खंत आजही आहे.